सॅमन समुद्रात कुठे चरतो, यावर त्याचा कस ठरतो का?

मत्स्यमुखी (फोंडा)
माझी धाकटी बहीण व्हँकुव्हरजवळ राहते. गेल्या चवथीला ती घरी आली तेव्हा तिने सॉकाय जातीच्या सॅमनचे दोन डबे आणले होते. पहिला डबा आम्ही त्याच आठवड्यात उघडला. झाकण उचलताच वर नारिंगी तेलाचा पातळ थर दिसला, आणि कांदा-मिरचीबरोबर मासा परतताना कढईत वेगळे तेल घालावे लागले नाही. दुसरा डबा दिवाळीनंतर उघडला, तर आतला मासा कोरडा, दोरे सुटल्यासारखा निघाला. जात तीच, कंपनी तीच आणि रंगही तसाच लालभडक होता.

बहिणीचे म्हणणे असे की, सॅमन नदीत जन्मतो आणि नदीतच येऊन मरतो, पण त्याचे वाढीचे सगळे खाणे समुद्रात होते. त्यामुळे ज्या वर्षी समुद्रातले कुरण चांगले, त्या वर्षीचा मासा सकस, आणि कुरण वाईट असेल तर मासाही निःसत्त्व. मला हे पटत नाही. माशाचे गुण त्याच्या जातीत असतात, असेच मी आजवर धरून चाललो आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

अर्धाबांगडा
दुसऱ्या डब्यातल्या माशाला काटे होते का? बिनकाट्याच्या माशावर विश्वास ठेवू नये, असे आमची आजी सांगत असे.

दोनापावल_निवृत्त
मी प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून आयुष्य काढले आणि माशांची पोटे फाडून आत काय आहे ते नोंदवणे हे माझे अनेक वर्षांचे काम होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या बहिणीचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. सॉकायची पिल्ले एक-दोन वर्षे गोड्या पाण्याच्या तळ्यात काढून समुद्रात उतरतात तेव्हा बोटाएवढी असतात आणि त्यांचे वजन काही ग्रॅम भरते. दोन-तीन वर्षांनी तोच मासा परततो तेव्हा दोन-अडीच किलोंचा असतो. म्हणजे त्याच्या अंगातले जवळजवळ सगळे मांस आणि सगळी चरबी अलास्काच्या आखातात, बेरिंग समुद्रात किंवा उत्तर प्रशांत महासागराच्या मोकळ्या पाण्यात कमावलेली असते. नदीत शिरल्यावर पॅसिफिक सॅमन खाणे बंद करतो. त्यानंतर प्रवाहाविरुद्ध पोहणे, अंडी आणि वीर्य तयार करणे, घरटे उकरणे हे सारे साठवणीतल्या चरबीवर चालते, ती संपत आली की स्नायूंतली प्रथिनेही जळू लागतात, आणि प्रजननानंतर मासा मरतो. त्यामुळे नदीच्या मुखाशी पकडलेला मासा आणि त्याच नदीत पाचशे किलोमीटर वर पकडलेला मासा यांचा कस कधीच सारखा नसतो.

मात्र तुमचेही सर्वस्वी चुकलेले नाही. युकॉन नदीतल्या चिनूक सॅमनला कॅनडातल्या उगमाकडे जाताना सुमारे 3,000 किलोमीटर पोहावे लागते, आणि आयडाहोतल्या रेडफिश तळ्याकडे जाणारा सॉकाय साधारण 1,450 किलोमीटर अंतर कापून जवळपास 2,000 मीटर उंची चढतो. अशा लांब नद्यांचे मासे समुद्रातून निघतानाच अधिक चरबी घेऊन निघतात, आणि ही सवय त्यांच्या वंशातून आलेली आहे. किती साठवायचे हे रक्त ठरवते, पण ते साठवायला मिळते की नाही हे समुद्र ठरवतो.

अर्धाबांगडा
म्हणजे सॅमन हा पुरुमेंत भरून प्रवासाला निघणारा मासा झाला. आमच्या घरी मे महिन्यात सुके बांगडे, सुंगटे आणि सोलांची बरणी भरली की आई म्हणायची, आता पाऊस कितीही लागू दे.

दोनापावल_निवृत्त
उपमा अचूक आहे. फरक एवढाच की आपण पुरुमेंत संपले तर दुकानात जातो, आणि सॅमनला परत समुद्रात जाता येत नाही.

तिरफळ
सॅमन मी एकदाच खाल्ला आहे, पण तारल्यांच्या बाबतीत हा फरक माझ्या तव्यावर दर वर्षी दिसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येणारी तारली साफ करताना आतड्यांभोवती लोण्यासारखी पांढरी चरबी बोटांना लागते, चाकूची मूठ निसरडी होते आणि हात दोनदा साबणाने धुवावे लागतात. ती तव्यावर टाकली की दोन मिनिटांत स्वतःच्या तेलात तडतडू लागते. तीच तारली मार्च-एप्रिलमध्ये आणली तर पोट रिकामे, पाठ अरुंद, आणि उलटताना निम्मे कातडे तव्यालाच चिकटून राहते. त्या दिवसांत मी ती भाजण्याच्या भानगडीत पडत नाही, तिरफळे घालून हुमण करते. मत्स्यमुखी, जातीतच सगळे असेल तर ही एकाच जातीची तारली सहा महिन्यांत इतकी कशी बदलते?

मत्स्यमुखी
तिरफळताई, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी घरी मासे आणतो, साफ करत नाही, हेही कबूल करतो.

रापणकार (बाणावली)
तारल्यांचे कारण आमच्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पावसाळ्यात समुद्र ढवळतो, खालचे गार पाणी वर येते, पाण्याचा रंग बदलतो, आणि त्यानंतर माशाला तेल चढते. पहिल्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या मोठ्या जाळ्याची, तारली आणि शेवटच्या रापणीची तारली आम्ही एका भावाने कधी विकली नाही.

साखळीचा_मास्तर
रापणकार म्हणतात त्याला पुस्तकातही आधार आहे. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. ही क्रिया दक्षिणेकडे आधी सुरू होते आणि तिकडेच तिचा जोरही अधिक असतो. त्या पाण्यावर डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींचे अमाप पीक येते आणि तारली त्यावर चरते. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी 1923 मध्ये तारल्यांवर सविस्तर लिहिले, आणि पुढे 1955 मध्ये फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा विशिष्ट डायटम तारल्यांच्या मुबलकतेचा निदर्शक मानावा, असे नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी मांडले. मलबारात एके काळी तारल्यांचे तेल काढण्याचे कारखाने चालत, ते याच कुरणाच्या जोरावर.

आता सॅमनकडे येतो. आपण ज्याला ओमेगा-3 म्हणतो, ते तेल मासा स्वतः फारसे तयार करत नाही. ते मुळात या सूक्ष्म वनस्पती तयार करतात. त्यांच्याकडून ते कोपेपॉड आणि क्रिल यांसारख्या बारीक जिवांत, त्यांच्याकडून लहान माशांत आणि शेवटी सॅमनमध्ये येते. म्हणून कुरण म्हणजे नुसती जागा धरून चालणार नाही, तिथे कोणते गवत उगवले आहे ते पाहावे लागते. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात न्यूपोर्टपुढच्या समुद्रात 1996 पासून नियमितपणे जाळी ओढून कोपेपॉड मोजले जातात. थंड वर्षांत उत्तरेकडून येणारे कोपेपॉड आकाराने मोठे आणि चरबीने भरलेले असतात, तर उष्ण वर्षांत दक्षिणेकडून येणारे लहान आणि कोरडे. सॅमनची पिल्ले हे कोपेपॉड खाणाऱ्या जिवांवर वाढतात. ज्या वर्षी चरबीवाले कोपेपॉड भरपूर, त्या वर्षी समुद्रात उतरलेली पिल्ले अधिक प्रमाणात जगून परततात, असे तिथे दिसून आले आहे. 2014 ते 2016 या काळात ईशान्य प्रशांत महासागरात उष्ण पाण्याचा प्रचंड पट्टा साचला होता, त्याला तिकडे ‘ब्लॉब’ असे नाव पडले; त्या काळात ओरेगनपुढे कोरड्या कोपेपॉडांचे राज्य होते.

जुवारीकाठ
मास्तर, एक शंका आहे. सॅमनचा रंग जितका लाल तितका तो अधिक पौष्टिक, असे पणजीतल्या एका दुकानदाराने मला सांगितले आणि त्याच हिशेबाने पैसेही घेतले. हे खरे आहे का?

साखळीचा_मास्तर
रंगावरून आहार कळतो, कस कळतो असे म्हणता येणार नाही. सॅमनचा लाल रंग ॲस्टॅक्सँथिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि ते क्रिल, कोपेपॉड, कोळंबी यांच्या अंगातून येते. सॉकायच्या कल्ल्यांवर गाळणीसारखे दाट काटे असतात, त्यांनी तो हे बारीक जीव गाळून खातो, म्हणून तो सर्वांत लाल. चिनूक प्रामुख्याने हेरिंगसारखे मासे खातो, म्हणून त्याचा रंग त्या मानाने फिका, पण चरबी बहुधा सॉकायपेक्षा जास्त. काही चिनूक तर पांढऱ्या मांसाचेच असतात, कारण ते रंगद्रव्य मांसात साठवण्याची क्षमता त्यांच्या वंशात नसते. खाणे मात्र तेच असते. आणि पाळीव सॅमनला तो रंग खाद्यातून दिला जातो, तो दिला नाही तर मांस राखाडी-फिके राहते. तुमच्या दुकानदाराने रंगाचे पैसे घेतले.

अर्धाबांगडा
माझी फसवणूक याहून जुनी आहे. एका हॉटेलात ‘इंडियन सॅमन’ अशी पाटी वाचून मी मोठ्या अभिमानाने मागवला, आणि ताटात आमचा रावस आला.

दोनापावल_निवृत्त
रावस उत्तम मासा आहे, परंतु त्याचा सॅमनशी काडीचाही संबंध नाही. तो पॉलिनेमिडी कुळातला, गळ्याखाली मिशांसारखे धागे असलेला मासा आहे. भारतात सॅमनसारखा जीवनक्रम पाहायचा असेल तर तो हिलशाचा. तोही समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. 1975 मध्ये फराक्का धरण झाल्यावर गंगेच्या वरच्या भागात त्याचे येणे जवळजवळ थांबले.

काणकोणची
मी मडगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथवरची चर्चा वाचून एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. तुम्ही सर्वजण चरबीलाच पौष्टिकता म्हणत आहात. मासा चरबीने भरलेला असूनही उपाशी असू शकतो, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा सॅमननेच दिला आहे.

2020 च्या सुरुवातीस कॅलिफोर्नियातल्या मत्स्यबीज केंद्रांत चिनूकची नुकती जन्मलेली पिल्ले कुशीवर पडून मळसूत्रासारखी गोल फिरू लागली आणि पटापट मरू लागली. रोग सापडेना. शेवटी पिल्लांना थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, मिसळलेल्या पाण्यात ठेवून पाहिले, तर काही तासांत ती सरळ पोहू लागली. शोध घेत गेल्यावर माग समुद्रातल्या कुरणापर्यंत पोहोचला. त्या काळात किनाऱ्यापुढे अँकोव्ही हा मासा प्रचंड वाढला होता आणि परतणाऱ्या माद्यांचे खाणे जवळजवळ तेवढ्यावरच आले होते. अँकोव्हीच्या अंगात थायमिन नष्ट करणारे थायमिनेज हे विकर असते. माद्या वजनाने भरलेल्या होत्या, चरबी उत्तम होती, पण त्यांच्या अंड्यांत पिल्लांना पुरेल एवढे थायमिनच नव्हते.

बाल्टिक समुद्रातही हेच घडत आले आहे. तिथल्या सॅमनच्या पिल्लांचा असाच रोग स्वीडनमध्ये 1974 मध्ये लक्षात आला, म्हणून त्याचे नाव एम-74 पडले. तिथे सॅमन स्प्रॅट नावाचा लहान, चरबीदार मासा खातो. चरबी पचवताना आणि ती अंगात सुरक्षित ठेवताना थायमिन अधिक खर्च होते, आणि स्प्रॅटमधून ते त्या मानाने पुरेसे मिळत नाही. त्यामुळे एकाच माशाचे जेवण जितके चमचमीत तितकी आईच्या अंड्यात तूट. आपल्याकडे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी होत असे, तोच हा प्रकार. गोव्यातले उकडे तांदूळ खाणारे त्यातून वाचले, कारण धान उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात उतरते.

रापणकार (बाणावली)
बाई, अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीचीच भावंडे ना? मग मांदेली खायची की नाही?

काणकोणची
अवश्य खावी, रापणकारकाका. थायमिनेज शिजवल्यावर निकामी होते. सॅमनकडे चूल नाही, हीच त्याची अडचण आहे.

जुवारीकाठ
हे वाचून मला वाटते, प्रश्न कुरण कुठे आहे याचा कमी आणि कुरणात किती प्रकारचे खाद्य आहे याचा अधिक आहे. पण खाणारे किती आहेत, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. माझे आजोबा गुरे राखायचे. माळ तोच आणि गुरे दुप्पट झाली की दूध पातळ होते, असे ते सांगत.

साखळीचा_मास्तर
तुमच्या आजोबांचे म्हणणे उत्तर प्रशांत महासागरात तंतोतंत लागू पडते. त्या समुद्राभोवतालचे देश मिळून दर वर्षी सुमारे पाच अब्ज सॅमनची पिल्ले केंद्रांतून समुद्रात सोडतात. त्यात भर म्हणून पिंक सॅमनचे जीवनचक्र नेमके दोन वर्षांचे असते, आणि बऱ्याच भागांत विषम वर्षांत त्याची संख्या सम वर्षांपेक्षा खूप मोठी असते. त्या वर्षांत समुद्रात असलेल्या सॉकायची वाढ मंदावते, असे अभ्यासकांना त्यांच्या खवल्यांवरच्या वलयांतून दिसले आहे. चम सॅमन तर अशा गर्दीत जेलीफिशसारख्या पाणचट जिवांकडे वळतो. त्याचे पोट मोठे असते, म्हणून त्याला ते निभावते.

दोनापावल_निवृत्त
खवल्यांबद्दल मास्तरांनी लिहिले ते वाचून बरे वाटले. झाडाच्या खोडात असतात तशी वलये खवल्यात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरले की माशाने चांगले खाल्लेले महिने रुंद आणि उपासाचे महिने अरुंद दिसतात. तशीच वलये मी बांगडा माशाच्या कानाच्या आत असणाऱ्या बारीक खड्यांवर मोजली आहेत, आणि एका दुपारी पन्नास खड्यांनंतर डोळ्यांपुढे नुसती वर्तुळेच फिरत.

पाळीव सॅमनचा उल्लेख वर ओझरता आला, त्यावर एक गोष्ट जोडतो. त्याचे कुरण म्हणजे खाद्याची गोणी. माशाच्या तेलाऐवजी वनस्पती तेल त्या गोणीत वाढत गेले तसे स्कॉटलंडमधल्या पाळीव सॅमनमधले ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-3 घटक 2006 ते 2015 या काळात जवळपास निम्म्यावर आले. जात बदललेली नाही, पाणीही तेच, नुसते खाणे बदलले. मत्स्यमुखी यांच्या मूळ शंकेला याहून स्वच्छ उत्तर मला सुचत नाही.

रापणकार (बाणावली)
आमची तारली मात्र कुरण असूनही नाहीशी होते, त्याचे काय? केरळात 2012 मध्ये जवळपास चार लाख टन तारली उतरली होती, आणि 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. जून-जुलैची 61 दिवसांची बंदी आम्ही पाळतो, ती माशाने पोटभर खावे म्हणूनच ना?

दोनापावल_निवृत्त
बंदीचा मुख्य हेतू अंडी घालणाऱ्या माशांना उसंत मिळावी हा आहे, आणि खवळलेल्या समुद्रात माणसे बुडू नयेत हाही. तारली पोट भरते ती बहुतेक त्यानंतर. तिच्या घटीला मासेमारी, तापलेले पाणी आणि पावसाचे बिघडलेले वेळापत्रक अशी कारणे एकत्र गुंतलेली आहेत. शिवाय पावसाळा सरता सरता आपल्याच किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला प्राणवायू अतिशय कमी होतो. जे पाणी वर येऊन कुरण पिकवते, तेच पाणी प्राणवायूही कमी घेऊन येते. गवत आहे पण माळावर श्वास घेता येत नाही, अशी ती स्थिती असते.

मत्स्यमुखी
मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे. हा धागा मी बहिणीला पाठवला. तिने तो पूर्ण वाचला आणि मला दोन्ही डब्यांची छायाचित्रे मागितली. रिकामे डबे आईने स्क्रू-खिळे ठेवायला घेतले होते, म्हणून वाचले. पहिल्या डब्यावर नुसते ‘सॉकाय’ लिहिले आहे. दुसऱ्यावर त्याच्या खाली बारीक अक्षरांत ‘कातडी व काटे काढलेला’ अशा अर्थाची ओळ आहे, आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती.

अर्धाबांगडा
आजी जिंदाबाद. पहिलाच प्रतिसाद वाचला असता तर सर्वांचे दोन दिवस वाचले असते.

काणकोणची
सॅमनची बरीच चरबी कातडीला लागून आणि पोटाच्या पट्टीत असते, त्यामुळे दुसरा डबा कोरडा निघणारच होता. डब्यातले काटे शिजून मऊ होतात आणि त्यातून कॅल्शियम मिळते, तेही तुमच्या हातून गेले. पुढच्या वेळी बहिणीला काट्यांसकट आणायला सांगा.

मत्स्यमुखी
सांगितले आहे. मात्र जातीबद्दलचा माझा हट्ट मी मागे घेतो. डब्यामुळे नव्हे, तिरफळताईंच्या तव्यामुळे.

तिरफळ
मग एक काम करा. या वर्षी दिवाळीच्या आसपास एक किलो तारली आणा, स्वतः साफ करा, काहीही न लावता कोरड्या तव्यावर भाजा आणि सुटलेले तेल वाटीत काढून मोजा. मार्चमध्ये पुन्हा तेच करा. मीही माझ्या घरी करते. दोघांचेही आकडे इथे लिहू.

रापणकार (बाणावली)
दिवाळीची तारली माझ्याकडून न्या, पण सकाळी सहाच्या आत या. मार्चची मी कोणालाही फुकट देतो.